डेलियाचा कंद आणि मराठवाड्याचा उन्हाळा

शोभेच्या फुलांचा विषय निघाला म्हणजे आपल्या भागात दोन परस्परविरोधी मते ऐकावयास मिळतात. एक मत असे की, डेलियासारखे फूल हे बंगल्याच्या बागेचे, हौसेचे. ज्या शेतकऱ्याला सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर वर्ष काढावयाचे आहे, त्याला त्याचे काय? दुसरे मत याच्या अगदी उलट. प्रदर्शनात ताटाएवढे फूल पाहून आलेला उत्साही कार्यकर्ता गावात सांगतो की, एका गुंठ्यात डेलिया लावा आणि घरबसल्या पैसे मोजा. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरते बोलावयाचे, तर ही दोन्ही मते एकांगी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. डेलिया आपल्याकडे चांगला येऊ शकतो आणि आपल्या पाण्याच्या हिशेबातही तो बसतो. परंतु त्याचे यशापयश डिसेंबरातील फुलावरून ठरत नाही. ते मे महिन्यातील कंदावरून ठरते. ही गोष्ट ध्यानी न घेता कंदांचे वाटप झाले, तर पहिल्या वर्षी कौतुक होते व दुसऱ्या वर्षी शेतकरी पुन्हा रोपवाटिकेच्या दारी उभा राहतो. तिसऱ्या वर्षी तो फुलांचे नावही काढीत नाही.

परके फूल नव्हे

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला. १७८९ मध्ये त्याचे बी स्पेनमधील माद्रिद येथील वनस्पती उद्यानात पोहोचले आणि १७९१ मध्ये काव्हानियेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँडर्स डाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. पुढे १९६३ मध्ये मेक्सिकोने त्यास आपले राष्ट्रीय फूल म्हणून मान्यता दिली. परदेशातून आले म्हणून ते आपल्या मातीला परके, असे मात्र समजण्याचे कारण नाही. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, तो झेंडूही मेक्सिकोकडूनच आलेला आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, आणि ज्या पिकावर मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांचे तेल निघाले ती करडई, ही सर्व डेलियाच्याच कुळातली होत. करडई पिकविणाऱ्या शेतकऱ्याला या कुळाच्या सवयी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. थंडी मानवते, मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही आणि मावा हा मोठा शत्रू, ही तिन्ही लक्षणे डेलियातही तशीच आढळतात.

फरक आहे तो एवढाच की, झेंडू व करडई बियांवर जगतात, तर शोभेचा उत्तम डेलिया कंदावर जगतो. बियांपासून डेलियाची रोपे होतात; पण ती मातेसारखी निघतीलच याची खात्री नसते. एकाच फुलाच्या बियांतून एक रोप तांबड्या फुलाचे तर दुसरे पिवळ्या एकेरी फुलाचे निघू शकते. मनाजोगता रंग व आकार पुढील वर्षी पुन्हा हवा असेल, तर त्या झाडाचा कंद तरी राखावयास हवा किंवा त्याच्या कोंबाचे छाट कलम तरी करावयास हवे. आपल्या भागातील सर्व अडचण येथूनच सुरू होते.

पाण्याचा हिशेब आधी

२०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ती 'जलदूत' गाडी या जिल्ह्यातील कोणी विसरलेले नाही. अशा प्रदेशात फुलांच्या लागवडीचा सल्ला देणाऱ्याने प्रथम पाण्याचा जाब दिला पाहिजे आणि मगच रंगांचे वर्णन करावे.

हा जाब डेलिया समाधानकारक रीतीने देऊ शकतो. त्याची लागवड परतीचा पाऊस ओसरू लागल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावयाची असते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत तो फुलतो आणि मार्चमध्ये ऊन चढू लागले की पाने पिवळी पडून झाड झोपी जाते. म्हणजे विहिरी व बोअर तळ गाठतात त्या एप्रिल, मे व जून या तीन महिन्यांत या पिकाला रानात थेंबभरही पाणी लागत नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १०० लिटर पाणी देणे होय. हिवाळ्यात दिवसाला ३ ते ४ मिलिमीटर पाणी धरले, तर गुंठ्यास ३०० ते ४०० लिटर लागेल. चार महिन्यांचे मिळून ३६ ते ४८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या चार ते पाच टँकरांएवढे. ठिबक व आच्छादन असेल तर यातही बचत होते. मे महिन्याच्या उन्हात रानात उभ्या राहणाऱ्या उसाशी या पिकाची तुलना ज्याची त्याने करून पाहावी.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गुंठ्याचा हिशेब एकराला लावू नये. फुलांचे क्षेत्र वाढले म्हणजे पाणी तर वाढतेच. त्याहून अधिक वाढते ती मजुरी. शेंडे खुडणे, आधार बांधणे, कळ्या विरळ करणे, पहाटे फुले तोडणे ही सर्व हाताची कामे आहेत आणि ती नेमकी हरभऱ्याच्या व तुरीच्या कामांच्या वेळीच येतात. म्हणून विहिरीजवळ, घराच्या नजरेखाली, एक गुंठा. याहून मोठा आरंभ करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जमीन व लागवड

लागवडीची माहिती येथे थोडक्यात देतो. कारण या पिकात लागवड हा अवघड भाग नव्हे.

आपली काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. गव्हा-हरभऱ्याला तो गुण ठरतो, डेलियाच्या कंदाला मात्र तो मारक आहे. ऑक्टोबरात परतीचा एखादा जोरदार पाऊस झाला, तर सपाट वाफ्यातील कंद आठवडाभरात कुजू लागतो. यास्तव मध्यम, मुरूममिश्रित, निचऱ्याची जमीन निवडावी. भारी जमीनच असेल तर एक वीत उंचीचे गादीवाफे करावेत. गुंठ्यास २ ते ३ क्विंटल चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. रासायनिक खतांची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. नत्र हात राखून द्यावे. नत्र अधिक झाले की झाड हिरवेगार व देखणे दिसते, पण दांडे लुसलुशीत होतात, फुले कमी येतात आणि कंद पाणचट राहून साठवणीत टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यास ती लोहाची उणीव समजावी. त्यावर युरियाचा उपाय करू नये.

मोठ्या फुलांच्या जातींना दोन ओळींत ६० व दोन झाडांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर द्यावे. लहान फुलांच्या व गोंडेदार जातींना ३० ते ४५ सेंटिमीटर पुरते. ६० बाय ४५ सेंटिमीटरवर वाटा सोडून गुंठ्यात सुमारे ३०० झाडे बसतात. कंद १० ते १२ सेंटिमीटर खोल, डोळा वर ठेवून लावावा. मोठ्या जातींसाठी बांबूचा आधार लागवडीच्या वेळीच रोवून ठेवावा. मागाहून रोवला तर तो कंदातून आरपार जातो. लहान जातींना गेल्या हंगामातील तुराट्याही चालतात. सोयाबीनची मळणी याच सुमारास होत असल्याने त्याचे भुसकट आच्छादनासाठी हाताशी असतेच. रोप २५ ते ३० सेंटिमीटर उंच झाले की पानांच्या तीन-चार जोड्या राखून शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे चांगले येतात.

लागवडीस उशीर करू नये. डेलियाचा स्वभाव असा आहे की, दिवस लहान होऊ लागले की त्याचे लक्ष वाढीवरून कंद पोसण्याकडे वळते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा होतो. तोपर्यंत झाडाने अंग धरलेले नसेल, तर ते खुजे राहते आणि फुले बारीक येतात. मात्र याच लहान दिवसांमुळे आपल्या हिवाळ्यात कंद चांगला धरतो, ही जमेची बाजू आहे.

रोग-किडींत मावा व फुलकिडे यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मावा नुसता रस शोषून थांबत नाही, तो विषाणूचा रोगही पसरवितो. पानांवर फिकट हिरवे-पिवळे चट्टे येऊन झाड खुरटलेले दिसले, तर ते कितीही आवडत्या जातीचे असो, उपटून नष्ट करावे. त्याचा कंद किंवा कलम पुढे नेले म्हणजे रोगच पुढे नेला. करडईच्या लगत डेलिया लावणे टाळावे. आरंभी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी पुरेशी होते. थंडीत पानांवर भुरी दिसल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात, ऊन कमी असताना फवारावे.

कंदाचा उन्हाळा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. युरोपात डेलियाचे कंद हिवाळ्यात काढून ठेवतात, कारण तेथील हिमतुषाराने ते गोठून कुजतात. आपल्याला वाचावयास मिळणारी बहुतेक माहिती त्या थंड देशांतील आहे. तिच्यात कंदाला थंडीपासून जपावे असे सांगितलेले असते. आमच्यासमोरचे संकट निराळे आहे. नांदेड-लातूरला मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की धुतलेले वस्त्र घटकाभरात वाळते. डेलियाच्या कंदाची साल पातळ असते. बटाट्यासारखे जाड कवच तिला नाही. उघड्यावर राहिलेला कंद पंधरा-वीस दिवसांत सुरकुततो आणि महिन्याभरात काष्ठवत होतो. तो तसा होऊ नये म्हणून पाणी शिंपडावे, तर त्या उष्ण दमटपणात बुरशी लागून कुजतो. सुकणे आणि कुजणे या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे. ती वाट ज्याला सापडली, त्यालाच डेलिया साधला असे म्हणावे.

दुसरी गोष्ट डोळ्याची. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात. कोठलाही डोळ्याचा तुकडा लावला की तो उगवतो. डेलियाचा डोळा कंदावर नसतो. जेथे कंद जुन्या खोडाला जोडलेला असतो, त्या मानेवर तो असतो. मान तुटलेला कंद कितीही मोठा व टवटवीत असला, तरी त्यातून कोंब निघत नाही. म्हणून झुपका खणताना कुदळीचा घाव जवळ घालू नये, धांदलीत मुळे ओढू नयेत आणि विभागणी करताना प्रत्येक भागावर जुन्या खोडाचा एक डोळेदार तुकडा राहील असे पाहावे. कंद विकत घेतानाही हेच तपासावे. मानेवाचून कंद विकत घेणे म्हणजे पैसे मातीत पुरणे होय.

आपल्या परिस्थितीत साधेल अशी रीत पुढीलप्रमाणे आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस फुले कमी होऊ लागली की पाणी हळूहळू तोडावे. पाने पिवळी पडेपर्यंत झाड कापू नये, कारण तोवर पानांतील सत्त्व कंदात उतरत असते. त्यानंतर खोड एक वीतभर ठेवून कापावे आणि फूल व रंग ओळखता येईल अशी पत्र्याची किंवा प्लास्टिकची चिठ्ठी त्या खोडाला तारेने बांधावी. मातीतून काढलेल्या कंदांना रंग नसतो. चिठ्ठी नसेल तर सप्टेंबरात सर्व कंद सारखेच. नंतर झुपका मातीसह उचलून सावलीत दोन-तीन दिवस सुकवावा, माती अलगद झटकावी, जखमी भाग कापून टाकावेत आणि शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची भुकटी लावावी. झुपका या वेळी फोडू नये. अखंड झुपका कमी सुकतो.

साठवणीसाठी जुना रांजण, मोठी कुंडी किंवा लाकडी खोके घ्यावे. तळाला कोरड्या रेतीचा थर, त्यावर झुपके, पुन्हा रेती, असे रचत जावे. झुपके एकमेकांना टेकू नयेत. भांडे घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावे. जागेचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जाड मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर हे उन्हाळ्यात आपोआप थंड राहणारे कोठार होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर औसा-निलंगा भागात अशी घरे उरली नाहीत आणि जिवाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही झाले. परंतु पत्र्याच्या छपराखाली दुपारी जी धग साचते, तीत ठेवलेला कंद वाचत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्यांच्या घरी पत्रे आहेत, त्यांनी दाट झाडाच्या सावलीत हात-दीड हात खोल खड्डा करून त्यात रांजण गळ्यापर्यंत पुरावा, तोंड पोत्याने झाकावे आणि वर छोटे छप्पर करावे. रांजणाच्या आत मात्र पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. दर पंधरा दिवसांनी झुपके तपासावेत. कुजलेला कंद लगेच काढावा. सुरकुतू लागलेला दिसल्यास रेतीवर हलकासा ओलावा द्यावा, चिखल नव्हे.

जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कंद जागे होऊ लागतात. या वेळी दुर्लक्ष झाले, तर उन्हाळाभर जपलेला कंद पहिल्या पावसात कुजतो. कोंब दिसू लागलेले झुपके कुंडीत, छपराखाली, भरपूर उजेडात लावावेत. ऑगस्ट-सप्टेंबरात या कोंबांची ८ ते १० सेंटिमीटर लांबीची छाट कलमे जाड रेतीत लावली, तर दोन ते तीन आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. एकेका झुपक्यापासून अशी कित्येक रोपे मिळत असल्याने, थोडे कंद वाचले तरी वाण हातचा जात नाही. ज्यांना सर्व कंद साठविण्याचा खटाटोप नको असेल, त्यांनी प्रत्येक रंगाचे चार-पाच उत्तम झुपके तरी कुंडीत राखावेत.

एक साधे उदाहरण घेऊ. शंभर झाडांचे झुपके साठविले आणि प्रत्येकाचे तीन भाग होतात असे धरले. उन्हाळ्यात निम्मे झुपके गेले, तरी दीडशे रोपांचे कंद हाती राहतात. म्हणजे भांडवल दीडपट झाले. सर्वच गेले, तर दरवर्षी थंड प्रदेशातील रोपवाटिकांकडून कंद मागवावे लागतात आणि फुलांचे जे काही येते ते तिकडेच जाते. फुलांचा नफा साठवणीत आहे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

बाजार किती व कोठे

झेंडूचा अनुभव सर्वांना आहे. दसरा-दिवाळीला सर्वांचा माल एकाच वेळी येतो, भाव घसरतो आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली फुले तशीच टाकून शेतकरी घरी परततो. म्हणून झेंडू सोडावा असे कोणी म्हणणार नाही. हाराला, तोरणाला झेंडूच लागतो. डेलिया त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या पाकळ्या हारात टिकत नाहीत व रास घालून त्याची वाहतूक होत नाही. डेलियाचे स्थान पुष्पगुच्छात, व्यासपीठाच्या व मांडवाच्या सजावटीत, फुलदाणीत आणि बागेच्या कडेच्या वाफ्यात आहे.

ही मागणी जिल्ह्याच्या ठिकाणी व मोठ्या तालुक्यांत असते. नांदेड येथे सचखंड श्री हुजूर साहिबमुळे बारमाही यात्रेकरूंची वर्दळ आहे. लातूर हे शिक्षणसंस्थांचे व व्यापाराचे शहर असून हिवाळ्यात तेथे स्नेहसंमेलने व समारंभ चालूच असतात. मार्गशीर्षातील गुरुवार, २६ जानेवारी, माघातील लग्ने, महाशिवरात्रीस लातूरला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा, हे सर्व डेलियाच्या फुलण्याच्या काळात येते. पौषात मात्र लग्नकार्ये नसल्याने सजावटवाल्यांची मागणी मंदावते, आणि बाग त्याच वेळी ऐन बहरात असते. ही गोष्ट शेतकऱ्याला आधीच सांगितली पाहिजे. लागवड एकाच दिवशी न करता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत केली, तर माघापर्यंत चांगली फुले मिळू शकतात. दुसरा टप्पा मात्र ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे जाऊ देऊ नये.

हैदराबादच्या किंवा पुण्याच्या फूलबाजाराची स्वप्ने आरंभी पाहू नयेत. डेलियाचे फूल कळी असताना तोडले तर नीट उमलत नाही. ते जवळजवळ पूर्ण उमलल्यावरच तोडावे लागते आणि पाण्यात चार-पाच दिवस टिकते. पोकळ दांड्याचे, भरल्या पाकळ्यांचे हे फूल रात्रभराच्या प्रवासात चेंगरते. पहाटे तोडून, खालची पाने काढून, लगेच बादलीतील स्वच्छ पाण्यात दांडे बुडवून, ऊन चढण्यापूर्वी तासा-दीड तासाच्या अंतरावरील दुकानात पोहोचेल, तोच खरा डेलियाचा बाजार. विक्रीसाठी ताटाएवढ्या फुलांचा मोह धरू नये. ती फुले प्रदर्शनात बक्षीस मिळवितात. पण एका झाडाला मोजकीच येतात, दांडा मोडतो आणि गुच्छात मावत नाहीत. लहान व मध्यम आकाराच्या शोभेच्या जाती आणि गोंडेदार जाती गुच्छासाठी सोयीच्या. लागवडीपूर्वी दोन फूलविक्रेत्यांशी व एका सजावटकाराशी बोलून कोणते रंग व किती फुले घेणार, हे शेतकऱ्याने स्वतः विचारून यावे. ज्याला हे विचारण्यास सवड नाही, त्याने विक्रीसाठी डेलिया लावू नये.

विक्रीचा विचार नसला तरी शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय व घराचे अंगण यांच्या कडेच्या वाफ्यांत डेलियास जागा आहे. तेथे महागड्या कंदांची गरज नाही. बियांपासून ठेंगण्या मिश्ररंगी जाती सप्टेंबरात गादीवाफ्यावर पेरून रोपे करावीत. त्याच हिवाळ्यात ती फुलतात. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडली की बहर लांबतो. त्यांतील सर्वांत देखण्या झाडांना फुलांत असतानाच चिठ्ठ्या बांधून फक्त त्यांचे कंद राखावेत. नवशिक्याने याच वाटेने डेलियाकडे यावे असे आम्हांस वाटते. कारण येथे चुकले तरी बियांच्या पुडीपलीकडे नुकसान होत नाही आणि साठवणीचा हात मात्र बसतो.

कार्यकर्त्यांचे काम

आता गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस दोन शब्द. नवे पीक गावात नेताना किती कंद वाटले, किती लाभार्थी झाले, असे आकडे कळविण्याची पद्धत आहे. डेलियाच्या बाबतीत हा आकडा काहीच सांगत नाही. ऑक्टोबरात वाटलेल्या कंदांपैकी पुढील सप्टेंबरात किती जिवंत आहेत, हा खरा आकडा होय. तोच आपल्या वहीत लिहावा व तोच वरिष्ठांना कळवावा. ज्या शेतकऱ्याकडे कंद ठेवावयास थंड जागा नाही किंवा ती करण्याची तयारी नाही, त्याला कंद न देणे हीसुद्धा विस्ताराचीच सेवा आहे. सरकारी कामात 'नाही' म्हणणे अवघड जाते हे खरे. पण एकदा पोळलेला शेतकरी पुढच्या चांगल्या सल्ल्यालाही कान देत नाही, आणि त्याची किंमत सर्व पिकांना मोजावी लागते.

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रात पहिल्या वर्षी दोनच ठिकाणे निवडावीत. एक गोदावरीकाठच्या किंवा कालव्याच्या, पाण्याची थोडी शाश्वती असलेल्या गावात. दुसरे विहिरीवर अवलंबून असलेल्या माळावरील गावात. दोन्हीकडे एकाच जातीची व एकाच दिवशी लागवड करावी, म्हणजे तुलना करता येईल. माती परीक्षण व सल्ला यांसाठी पोखर्णी, सगरोळी व लातूर येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांचे साहाय्य घ्यावे. पीक दाखविण्यास येळवशीइतका चांगला दिवस नाही. त्या दिवशी गावेच्या गावे रानात असतात, पाहुणे-रावळे आलेले असतात आणि डेलिया बहरात असतो. त्याच सुमारास माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कृषी प्रदर्शन भरते. तेथे फूल जरूर मांडावे. मात्र फुलाशेजारी डोळ्यासह एक कंद, मान तुटलेला एक कंद, रेतीने भरलेला रांजण आणि उन्हाळ्यात काय करावयाचे याचा फलकही मांडावा. नुसते फूल दाखविणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

दुसरा मेळावा मे महिन्यात, ऐन उन्हात, त्याच शेतकऱ्याच्या घरी घ्यावा. त्या दिवशी दाखविण्यास रंग नसतील. रेतीतून काढलेले झुपके, सुकलेले किती, कुजलेले किती व वाचलेले किती, एवढेच असेल. त्या मेळाव्याला जे येतील, कंद दाबून पाहतील व प्रश्न विचारतील, त्यांचीच नावे पुढील वर्षाच्या लागवडीसाठी घ्यावीत.